गुरुवार सोडून

गिरिधर लांजेवारनं आज त्याच्यासाठी खुर्ची धरली नव्हती. झालं होतं ते एवढंच. दुसरा कोणी असता तर त्याच्या हे लक्षातही आलं नसतं. पंख्याखालची जागा बघून तो मुकाट बसला असता. पण सुशील इखार हॉलच्या दारातच थबकला. कोर्ट कर्मचाऱ्यांच्या संघटनेची सभा म्हटली की गिरिधर कोराडीहून बसनं सगळ्यांच्या आधी पोचणार, भिंतीकडची खुर्ची घेणार, शेजारच्या खुर्चीवर आपली डब्याची पिशवी ठेवणार आणि 'इखारची आहे गा' म्हणत येणाऱ्याजाणाऱ्याला हाकलत बसणार, हे कितीतरी वर्षांचं ठरलेलं. आज पिशवी त्याच्या मांडीवर होती. शेजारी नकला विभागातली नूपुर बसली होती आणि गिरिधर तिला काहीतरी हसून सांगत होता. सुशील आत आला तसं त्याचं हसू थांबलं. थांबलं, की बोलणंच संपलं होतं? बस, हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला आणि मग सुशीलला त्यानं सभाभर स्वस्थ बसू दिलं नाही.

रिकामी खुर्ची त्याला मिळाली ती नेमकी गिरिधरच्या पुढची. पाठ करून बसण्याचं त्याला काही वावडं नव्हतं. तेच तर त्याच्या पोटापाण्याचं काम. कोर्टात बेंच क्लर्क बसतो तो न्यायाधीशांच्या उंच टेबलाच्या अगदी खाली. तोंड वकिलांकडे, पक्षकारांकडे, साहेब पाठीमागे. अख्खी नोकरी अशी काढायची आणि वळून बघायचं नाही. वळून बघणं म्हणजे साहेबाच्या तोंडाकडे टक लावणं, ते बरं दिसत नाही, असं एका म्हाताऱ्या शिरस्तेदारानं त्याला सुरुवातीलाच शिकवलं होतं. मग डोळ्यांचं काम कानांवर आलं. पेनाचं टोपण टक्कन लागलं, की साहेबाचं ठरलं. खुर्ची करकरली, की वकील लांबवून राहिला. आणि काहीच आवाज आला नाही तर समजावं, साहेब तापलेत. पुढची फाईल हळूच वर सरकवावी. सुशीलचा अंदाज सहसा चुकत नसे, आणि त्याला ह्या गोष्टीचा गर्व होता, खोटं कशाला बोला! मनीषनगरच्या घरीसुद्धा तो पेपर धरून स्वयंपाकघराकडे पाठ करून बसायचा आणि झाकण्यांच्या आवाजावरून बायकोचा राग ओळखायचा. हर्षा मग पोरीला म्हणायची, "असा कसा वं श्वेता तुहा बाप! समोरचं माणूस दिसत नाही याले, अन् मागचं सारं ऐकू येते."

सभा नेहमीसारखी सुरू झाली. आधी शोकप्रस्ताव, मग सत्कार, मग समोसा, असा संघटनेचा क्रम. अध्यक्ष केशवराव पुराणिक घाम पुसत बोलायला उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. सहसचिव म्हणून सुशीलनं अहवाल वाचला: रक्तदान शिबिर झालं, कॅरमची स्पर्धा झाली, निवृत्त लघुलेखकांना शाल दिली, बारावी पास झालेल्या मुलामुलींचा गौरव झाला. एरवी हे वाचताना त्याला बरं वाटायचं. संघटनेच्या ग्रुपवर वाढदिवसाचा केकही तोच टाकायचा आणि भावपूर्ण श्रद्धांजलीचा दिवाही तोच. पण आज वाचता वाचता त्याला वाटलं, टाळ्या कमी पडल्या. आता रक्तदानाच्या बातमीला कोण टाळ्या पिटतो? तरी वाटलं. कूलरच्या वाऱ्यानं कागद फडफडला तेवढ्यात तो चेहरे बघून घेत होता. तिसऱ्या रांगेतला बेलीफ खाली का बघतोय? नूपुरनं ओढणी नाकाला का लावली? खाली बसला तेव्हा मागून पिशवीची चुरचूर आली, आणि मग काहीच नाही. अगदी काहीच नाही. पाठीमागची शांतता काय असते हे सुशीलइतकं कोणाला ठाऊक होतं?

कारण सगळे जमले होते ते अहवालासाठी नव्हतेच. सगळ्यांच्या पोटात होता तो गुरुवार. रिकामी पदं भरत नाहीत, एकेका माणसाला दोन दोन कोर्टांचा गाडा ओढावा लागतो, निवेदनं देऊन हात दुखले, म्हणून मागच्या सभेत ठरलं होतं की पुढच्या महिन्यातल्या एका गुरुवारी सगळ्यांनी मिळून रजा टाकायची. जिल्ह्याचं एकही कोर्ट चालू द्यायचं नाही. फक्त आदल्या संध्याकाळपर्यंत कोणी तोंडातून ब्र काढायचा नाही, कारण आधी कळलं तर रजा नामंजूर होणार हे शेंबड्या पोरालाही समजलं असतं. सगळ्यांनी शपथेवर कबूल केलं. शपथ घेण्याची भाषा तर रोजच कानावर. आणि त्या आठवड्याच्या मंगळवारीच हुकूम निघाला: गुरुवारी कोणालाही कसलीच रजा नाही. केशवरावांना चेंबरमध्ये बोलावून उभं ठेवलं, माफी लिहून घेतली. महिनाभर जपलेली गोष्ट फुटली होती. फोडली होती कोणीतरी. साक्षीदार उलटला की त्याला कोर्टात फितूर म्हणतात. तो शब्द आता कँटीनमध्ये, झेरॉक्सच्या रांगेत, पार्किंगमध्ये ऐकू येऊ लागला. फितूर कोण?

सुशीलनं ह्या दिवसांत कोणाकोणावर संशय घेतला नाही! आधी नूपुरवर, कारण ती नवी आणि बोलकी. मग बेलीफवर, कारण तो साहेबांच्या बंगल्यावर भाजी पोचवतो. एकदा तर खुद्द केशवरावांवर. माफी इतक्या लवकर कशी लिहून दिली? रात्री जेवताना तो हर्षाला एकेक नाव सांगायचा आणि ती म्हणायची, "तुमी जेवा बरं आधी." पण ह्या सगळ्या संशयांखाली एक दुसराच होता आणि तो त्यानं हर्षाला सांगितला नव्हता: हे सगळे माझ्यावर तर संशय घेत नाहीत? माझी शिरस्तेदार म्हणून बढती साहेबाकडे पडून आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. तो कँटीनमध्ये शिरला की बोलणी तुटतात. तुटतात की त्याला तशी ऐकू येतात? आणि गिरिधर, ज्याच्याजवळ हे मोकळेपणी बोलता आलं असतं, तोच हल्ली टाळून राहिला होता. मग मागच्या आठवड्यात दुसऱ्याच कोणाच्या तोंडून कळलं, की गिरिधरची भिवापूरला झालेली बदली रद्द झाली. हुकूम निघाला त्याच आठवड्यात! यमुताईंची, म्हणजे त्याच्या आईची, तब्येत ठीक नव्हती, त्यानं अर्ज केला होता, हे सगळं खरं. पण मला का नाही सांगितलं? ह्या माणसानं सर्दी झाली तरी मला सांगितलंय. यमुताईंच्या हातचं आंबाडीचं शरबत पीत मी त्याच्या कॉलनीच्या ओट्यावर बसलोय, वीजकेंद्राच्या राखेनं पांढरे झालेले पाय झटकत. आणि एवढी मोठी गोष्ट मला तिसऱ्याकडून कळावी? सुशीलला त्या दिवशी संताप आला नव्हता, रडू आलं होतं. संताप नंतर आला, आणि संताप आला तसं त्याला सगळं स्वच्छ दिसू लागलं, म्हणजे तसं वाटलं.

केशवराव तिसऱ्यांदा उभे राहिले. "हे पाहा," ते म्हणाले, "मले चेंबरमध्ये जे ऐकून घ्यावं लागलं ते माह्या बापानंही कधी ऐकवलं नाही. मी काही पोलीस नाही. पण कोणाले काही माहीत असन तर त्यानं आज, इथं, सगळ्यायसमोर बोलावं. माघारी कुजबुज नको." हॉलमध्ये कूलरचा तेवढा आवाज राहिला. आणि सुशीलच्या पाठीमागे पिशवी चुरचुरली. खुर्चीचा पाय फरशीवर किंचित घासला. घसा खाकरला. उठतोय, सुशीलला वाटलं. हा उठतोय आणि माझं नाव घेणार. वळून एकदा पाहिलं असतं तर? पण वळणं त्याच्या अंगातच नव्हतं. तो स्वतःच उठला, आणि आपलाच आवाज त्याला दुसऱ्या कोणाचा असावा तसा ऐकू आला: "गिरिधर लांजेवारची बदली त्याच आठवड्यात कशी काय थांबली, हे त्यानं एकदा सभेले सांगावं."

बोलून झाल्यावर तो वळला. गिरिधर उठला वगैरे काही नव्हता. पिशवी पायाशी ठेवायला वाकला होता, तो अर्धवट वाकलेलाच राहिला. मग सावकाश सरळ झाला. "मायसाठी अर्ज केला होता," तो म्हणाला, "मंजूर झाला." "त्याच आठवड्यात?" मागून कोणीतरी ओरडलं. "वा रे, मातृभक्त!" दुसरा म्हणाला आणि हसू फुटलं. नूपुर शेजारची खुर्ची सोडून उठली. गिरिधर त्या कोणाकडे बघतच नव्हता. तो सुशीलकडे बघत होता, रागानं नाही, काहीतरी विचारायचं असून विचारू नये असं ठरवल्यासारखा. "बरं," तो म्हणाला. एवढंच. पिशवी उचलली आणि समोसे वाटायला घेतले होते त्या टेबलाजवळून बाहेर निघून गेला. हात वर करून ठराव झाला: फितुराला संघटनेतून काढण्यात येत आहे. ग्रुपमधून त्याचं नाव काढायचं काम सहसचिवाचं. सुशीलनं तिथंच, उभ्या उभ्या, अंगठ्यानं ते केलं, आणि त्याला हलकं वाटलं. लोकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवले. केशवराव म्हणाले, "मित्र असून बोलला गा तू, याले हिंमत लागते." त्या रात्री त्याला किती दिवसांनी गाढ झोप लागली, हे नमूद करायला हवं.

पुढच्या आठवड्यात कळलं, की गिरिधरनं स्वतःच लिहून दिलं: रद्द केलेली बदली पुन्हा काढा, मी भिवापूरला जातो. "पाहा, खाई त्याले खवखवे," बेलीफ म्हणाला, आणि सुशीलनंही मान हलवली.

अशाच एका दुपारी कोर्टात नानाजींचा पुकारा झाला. पारशिवनीच्या पलीकडच्या गावचे हे म्हातारे, शेताच्या बांधाच्या, धुऱ्याच्या भांडणाचा दावा बापाकडून वारशानं आलेला. दर तारखेला दोन बस बदलून यायचे, सोबत बायको रुखमाबाई, फडक्यात भाकर. सुशील त्याच तालुक्यातला, म्हणून ते त्याला नातलगच समजायचे. एकदा वकिलांचा बहिष्कार होता, कामकाजच नव्हतं, तर दोघंही संध्याकाळपर्यंत पायरीवर बसून राहिले होते, जाताना रुखमाबाई म्हणाल्या होत्या, "बाप्पा, निरोप तरी द्यायचा व्हता ना." ते सुशीलला लागलं होतं. आज साक्षीदार गैरहजर, पुढची तारीख. "शुक्रवार चालन का नानाजी?" सुशीलनं विचारलं. पाठीमागे टोपण टक्कन लागलं. आणि साहेब पुढे वाकून, फक्त त्यालाच ऐकू येईल अशा आवाजात बोलले, मजेत होते, "गुरुवार द्या की इखार. आता तर गुरुवारी काही नाही ना?" सुशीलच्या हातातलं पेन थांबलं. "त्या महिन्यात तुम्ही एका गुरुवारी कोणालाच बोलावत नव्हता," साहेब म्हणाले. "बुधवार देत होता, शुक्रवार देत होता. रोज ऐकत होतो मी. म्हटलं, इखार हा दिवस सोडतात म्हणजे त्या दिवशी काहीतरी आहे. तुमची निवेदनं चालूच होती, ताडलं मी, आणि रजा बंद करायला लावल्या." आणि ते हसले, चांगल्या मनानं हसले. "पुढची फाईल घ्या."

पुढची फाईल त्यानं कशी घेतली ते त्याला आठवत नाही. नानाजी गुरुवार घेऊन हात जोडून गेले. म्हणजे मी? बेलीफ नाही, नूपुर नाही, गिरिधर तर नाहीच. मी! सगळ्यांदेखत, मोठ्यानं, दिवसातून पन्नासदा मी साहेबाला सांगत होतो. आणि मला ते सांगणं वाटलंच नव्हतं. वाटलं होतं, त्या दिवशी कोर्ट बंद असणार, तर कोणी म्हातारं माणूस पायरीवर बसून राहायला नको. ठरवूनही केलं नव्हतं. तारखा चाळता चाळता बोट आपोआप त्या गुरुवारावरून पुढे सरकायचं. साहेबाच्या पेनाचा, खुर्चीचा, श्वासाचा हिशेब आपण ठेवतो ह्या तोऱ्यात तो इतकी वर्षं बसला होता. मागे बसलेल्या माणसालाही कान असतात, हे त्याच्या मनाला कधी शिवलंच नव्हतं. अक्कल म्हणतात ती हीच का? सहकाऱ्याच्या हवाली टेबल करून तो बाहेर पडला आणि नळाखाली तोंड धरलं. गिरिधर आजच जाणार होता, दुपारच्या बसनं. हे त्याला माहीत होतं कारण सकाळीच कँटीनमध्ये त्यावर विनोद झाला होता, आणि तो त्या विनोदाला हसला होता.

गणेशपेठच्या स्टँडवर भिवापूरच्या फलाटाजवळ गिरिधर एका बॅगेवर बसला होता. सुशीलला बघून तो उठला नाही, तोंडही फिरवलं नाही. "कोर्ट सोडून आला?" त्यानं विचारलं.

"गिरिधर, ते माह्यानं झालं," सुशील म्हणाला. धाप लागली होती. उभ्यानंच त्यानं सगळं सांगितलं: साहेब काय बोलले, तारखा कशा दिल्या, नानाजी, पायरी, सगळं. सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ते लपवलं नाही. गिरिधर ऐकत होता. एका बसनं मागे येताना धूर सोडला तेव्हा त्यानं रुमाल नाकाला लावला, एवढंच.

"मले माहीत होतं," तो शेवटी म्हणाला.

"काय?"

"श्वेताच्या कॉलेजात गेल्ता ना तू एक दिवस? तुह्या टेबलावर मीच होतो त्या दिवशी. दोन कोर्टं एका माणसाच्या गळ्यात, याचंच तर आपलं भांडण. तारखा देताना पाहिलं, तो गुरुवार अख्खा मोकळा. मग मंगळवारी हुकूम आला. तेव्हाच समजलो."

"मग तू सभेत काहून नाही बोलला?" सुशीलनं विचारलं. "मी तुह्यं नाव घेतलं, तरी तू—"

"काय बोलू? तुही शिरस्तेदाराची फाईल साहेबाकडे. म्हटलं, सांगून राहिला हा आपल्या पद्धतीनं. तोंडानं सांगितलं नाही, हातानं सांगितलं. पोरीचं शिक्षण आहे, घराचे हप्ते आहेत, माणूस करते. मले राग आला, म्हणून बोलणं सोडलं. पण तुले उघडं पाडून काय भेटणार होतं मले? मग तूच माह्यं नाव घेतलं. तेव्हा मात्र मले वाटलं, हा पक्का आहे गा."

"मी मुद्दाम नाही केलं! नानाजीची शपथ—" काय बोलतोय हे सुशीलला कळलं आणि तो लाजला. गिरिधर त्याच्याकडे बघत होता, आणि ती नजर सुशीलला ओळखीची होती. तारीख चुकलेला पक्षकार कारण सांगू लागला, बस चुकली, बैल मेला, की सुशील स्वतः असाच बघायचा: ऐकून घ्यायचं, मान हलवायची, आणि मनात म्हणायचं, हाव हाव, तुम्ही सगळे असंच म्हणता.

"असन," गिरिधर म्हणाला. "तू म्हणतं तर असन."

"मी ग्रुपवर टाकतो. आत्ता. सगळ्यायले सांगतो."

"टाक. पण म्हाताऱ्यासाठी केलं असं नको लिहू. कोणी पटवून नाही घेणार. मी तुले इतक्या वर्षांपासून ओळखतो, अन् मलेच पटून नाही राहिलं."

सुशीलनं फोन काढला. लिहिलं: गुरुवारची गोष्ट माझ्यामुळे फुटली. चूक माझी आहे. गिरिधर लांजेवार यांचा काहीही संबंध नाही. कारण लिहायला घेतलं आणि खोडलं. पाठवून दिलं. वाहक तिकिटाचं मशीन घेऊन बसमध्ये चढला, गिरिधरनं बॅग उचलली, आणि फोन एकामागून एक वाजू लागला. सुशीलनं वाचलं, पुन्हा वाचलं. 'सुशीलभाऊ, मैत्री करावी तर तुमच्यासारखी,' केशवरावांनी लिहिलं होतं, 'पण दुसऱ्याचं पाप आपल्या डोक्यावर घेऊ नका. फितूर तो फितूरच.' खाली जोडलेल्या हातांची रांग. नूपुरनं लिहिलं होतं, 'सर, तुमच्याबद्दलचा आदर आणखी वाढला.' बेलीफनं फूल टाकलं होतं.

"काय म्हणून राहिले?" बसच्या पायरीवर एक पाय ठेवून गिरिधरनं विचारलं.

त्यानं फोन पुढे केला. गिरिधरनं चष्मा नसल्यामुळे तो लांब धरून ओळ ओळ वाचला, अंगठ्यानं खाली सरकवत शेवटपर्यंत वाचला, आणि परत दिला.

"झालं तर मग," तो म्हणाला. "निर्दोष सुटला तू." आणि आत जाऊन बसला.